हौसाचा खून

“उंबरथडीच्या हौसाचा खून झाला हुता, त्येचे कागद हितंच असत्यात का?”

एप्रिलची दुपार होती, साल १९७७. फौजदारसाहेब जेवायला घरी गेले होते आणि पहाऱ्यावरचा शिपाई भिंतीला टेकून पेंगत होता. मी ठाण्याचा रायटर हवालदार, म्हणजे सगळी लिखापढी माझ्याकडे. साप्ताहिक रिपोर्टाची नक्कल करत होतो. मान वर न करताच विचारलं, “तुला कशाला पाहिजेत?”

“बघायचं हुतं.”

“तू कोण तिची?”

“कुणी न्हाई. म्याच ती.”

तेव्हा मात्र मी वर बघितलं. तिशी ओलांडलेली बाई. डोक्यावरून पदर, कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात कापडी पिशवी. बोटं तपकिरी पडलेली आणि अंगाला तंबाखूचा उग्र वास. वेडी माणसं ठाण्यात नेहमीच येत, पण ती आरडाओरडा करत येत. ही कचेरीत दाखला मागायला आल्यासारखी उभी होती.

“हौसा मेली,” मी म्हणालो. “नऊ वर्षं झाली.”

“सगळीच तसं म्हणत्यात,” ती म्हणाली. “पानी मिळंल का?”

मी माठातलं पाणी दिलं. तांब्या वर धरून ती घटाघटा पाणी प्यायली आणि तोंड पुसून बाकड्यावर बसली.  हौसाच्या प्रेताचा पंचनामा माझ्या अक्षरातला होता.

तेव्हा, अडुसष्ट साली, मी साधा शिपाई होतो. अक्षर बरं म्हणून फौजदार मला बरोबर नेत. उंबरथडीच्या दगडखाणीत तुळशीराम खडके म्हणून एक माणूस घण मारायला होता. दारू प्यायचा, बायकोला मारायचा. एक दिवस त्यानं तिला घणाच्या दांड्यानं मारलं. ती पडली आणि हा पळाला. संध्याकाळी परत येऊन बघतो तर घरात बायको नाही. ती हरवल्याची नोंद ठाण्यात झाली. अकरा दिवसांनी तीन कोसांवर कालव्याच्या मोरीत एका बाईचं प्रेत अडकलेलं सापडलं. चेहरा राहिला नव्हता. हौसाचा भाऊ केरबा आला, नाकाला धोतराचा सोगा लावून लांबूनच बघितलं आणि म्हणाला, “व्हय, आमचीच.” त्याच संध्याकाळी तुळशीरामला खाणीवरून उचलला. त्याला कुणी बोटसुद्धा लावलं नाही. ठाण्याच्या दारातच म्हणाला, “म्याच मारली.” मॅजिस्ट्रेटसमोर तेच बोलला, सेशन कोर्टातही तेच. जन्मठेप झाली. त्या तपासाबद्दल आमच्या फौजदारांना वरून शाबासकीचं पत्र आलं आणि पुढं बढती मिळून ते जिल्ह्याच्या गावी गेले.

“मग तू होतीस कुठं?” मी विचारलं.

“निपानीला. तमाखूच्या वखारीत.”

शुद्धीवर आल्यावर ती कालव्याच्या काठानं निघाली होती. जीव द्यायचा की माहेरी जायचं हे ठरत नव्हतं, असं तिनं सांगितलं. मजूर बायकांचा ट्रक रस्त्याला थांबला होता. एका म्हातारीनं डोकं फुटलेलं बघितलं आणि काही न विचारता वर ओढून घेतलं. निपाणीत ती शेवंता झाली. वखारीतल्या यल्लाप्पा नावाच्या हमालाबरोबर तिनं संसार मांडला. दोन मुली होत्या.

“त्याला ठाऊक आहे?”

“मी रांडमुंड हाय असं सांगितलंय. जोतिबाला जाते म्हनून निघाले.”

“आणि इकडचं तुला कधी कळलं?”

“गेल्या साली. उंबरथडीकडची एक बाई वखारीत आली. म्हनली, आमच्यात तुज्यागत दिसनारी एक हुती, नवऱ्यानं मारून कालव्यात टाकली, जन्माची सजा झाली त्येला.” ती हातातल्या पिशवीच्या बंदाला पीळ घालत होती. “वरीसभर गप बसले बघा. म्हनलं, सडू दे. मग वखारीत पत्ती चाळताना बी त्येच डोळ्यापुढं यायला लागलं.”

“त्यानं तुला मारलं होतं ना?”

“मारलं की. मरायलाच टाकलं हुतं. त्या मारन्याची सजा द्या त्येला, म्या न्हाई म्हनत न्हाई. पर खुनाची कशी देता? म्या तर हाय.”

मी रिपोर्टाचा कागद बाजूला सारला.

फौजदार इनामदार साडेतीनला आले. तरुण माणूस, नोकरीला दोन वर्षं झालेली, वाईट नव्हता. मी सगळं सांगितलं. त्यांनी टोपी टेबलावर ठेवली आणि कितीतरी वेळ नुसते टोपीकडेच बघत बसले.

“म्हस्के, ही जर हौसा असेल, तर मग जाळलं कुणाला?”

“ते कसं सांगायचं, साहेब.”

“आणि जिला जाळलं, तिला मारलं कुणी?”

 त्यांनी रेकॉर्डमधली जुनी फाइल काढायला लावली. पंचनामा वाचता वाचता त्यांचा चेहरा जरा सैल पडला.

“हे बघा. ‘डाव्या हातावर गोंदण असून त्यातील ह हे अक्षर दिसते. बाकी अक्षरे अस्पष्ट.’ हौसामधला ह. भावानंही जबानीत सांगितलंय, बहिणीच्या हातावर नाव गोंदलेलं होतं म्हणून.” त्यांनी बाईला आत बोलावलं. “डावा हात दाखव.”

तिनं बांगड्या मागं सारून हात पुढं केला. कोपरापासून मनगटापर्यंत काही नव्हतं.

“गोंदण कुठाय?”

“मला गोंदलंच न्हाई कवा. ल्हान असताना गोंदनारी आली तवा म्या लई रडले, आयनं सोडून दिलं.”

“खटल्यातल्या हौसाच्या हातावर गोंदण होतं,” इनामदार माझ्याकडे वळून हळूच म्हणाले. “हिच्या हातावर नाही. कायद्यानं बघितलं तर ही हौसा नव्हेच.”

त्या वेळी मी तोंड उघडायला पाहिजे होतं. नाही उघडलं.

तरी त्यांनी तिला हाकलून दिलं नाही, हे कबूल करायला हवं. दुसऱ्या दिवशी केरबाला बोलावणं पाठवलं. आता तो गावचा पंच झालेला. फेटा बांधून, चपला करकरवत आला. हौसा बाकड्यावरून उठली.

“दादा,” ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडे एकदाच बघितलं. पाहिलं, ओळखलं आणि नजर फौजदारांच्या टेबलावर नेली, ती परत तिकडे वळवलीच नाही.

“साहेब, माजी भन मेली. तिचं तेरावं म्या घातलंय. ही कोन बया हाय ठावं न्हाई.”

“दादा, गेल्या दिवाळीपतूर आय हुती म्हनं. त्ये मडं माजं न्हवं, येवढं आयला तर सांगायचं हुतंस. आय मेल्याचं बी मला परक्या बाईकडनं कळलं रं.”

“हिच्या कपाळावर कुंकू कुनाचं हाय ते इचारा,” केरबा फौजदारांना म्हणाला. “माजी भन असती, आन् आसल्या कुंकवानं गावात आली असती, तर म्याच तिला कालव्यात टाकली असती. लिहून घ्या पायजे तर.”

मी ते लिहून घेतलं नाही. तो गेला. हौसा खाली बसली, गुडघ्यांवर हात ठेवून. रडली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, “जाडा झालाय.”

राहता राहिला तुळशीराम. इनामदारांनी वरच्यांना पत्र लिहिलं, मी ते स्वतः घेऊन जिल्ह्याला गेलो, आणि आठ दिवसांत येरवड्याच्या तुरुंगात ओळख पटवायची परवानगी आली. ते आठ दिवस हौसा माझ्याच घरी राहिली. निपाणीला तिनं चिठ्ठी धाडली, पाय मुरगळलाय म्हणून. माझी बायको तिला काही विचारायची नाही. दोघी मिळून पापड लाटायच्या. 

पुण्याला आम्ही एस्टीनं गेलो. तुरुंगात एका लांबट खोलीत नायब तहसीलदार बसले होते. हौसासारख्याच वयाच्या चार बायका गोळा करून आणलेल्या, त्यांच्यामध्ये हिला तिसरी उभी केली. मग तुळशीरामला आणलं.

मला तो आठवत होता तो दांडगा, काळ्या पाषाणासारखा. आत आला तो मान पुढं काढलेला, केस पांढरे झालेला माणूस. चाळिशी नुकतीच उलटलेली असेल. त्याला कशासाठी आणलंय, हे सांगितलेलं होतं.

“यांच्यात तुझी बायको हौसा आहे का, नीट बघून सांग,” नायब तहसीलदार म्हणाले.

तो पहिलीसमोर उभा राहिला. दुसरीसमोर. तिसरीसमोर आला, तेव्हा त्याचा श्वास थांबलेला मला पाच हातांवरून कळला. त्यानं तिच्या कपाळाकडे पाहिलं. हातातल्या हिरव्या बांगड्यांकडे पाहिलं. तपकिरी बोटांकडे पाहिलं. हौसा त्याच्या डोळ्यांत बघत होती, नजर न झुकवता. मला वाटतं, त्याच्या डोळ्यांत इतकं सरळ तिनं आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं असेल.

मग तो चौथीपुढं गेला. पाचवीपुढं गेला. मागं फिरून म्हणाला, “ह्यांच्यात न्हाई.”

“नीट बघ. घाई नको. तिसरी?”

“न्हाई, साहेब. माजी बायकू मेली. म्याच मारली.”

नायब तहसीलदारांनी लिहून घेतलं. पाच मिनिटांत सगळं संपलं. त्याच्या अंगठ्याचा ठसा घ्यायचा होता, तो मी घेतो म्हणालो. बाकीचे बाहेर पडले, पहारेकरी दारात राहिला. मी त्याचा अंगठा धरून शाईच्या पॅडवर दाबला आणि हळू आवाजात म्हणालो, “तुळशीराम, तू ओळखलंस तिला.”

त्यानं दारातल्या पहारेकऱ्याकडे बघितलं.

“ऐक. त्या प्रेताच्या हातावर गोंदण होतं. हौसाच्या हातावर कधीच नव्हतं. ते तुला ठाऊक आहे, मलाही आता ठाऊक आहे. पंचनामा मी लिहिलाय. फौजदार सांगत गेले, मी लिहीत गेलो. मी कोर्टात हे बोललो तर तू सुटशील. माझं काय व्हायचं ते होईल.”

हे मी खरंच म्हणालो. आज इतक्या वर्षांनी शपथेवर सांगता येईल. त्या क्षणी मी ते केलंही असतं.

“अन् तिचं?” त्यानं विचारलं.

“तिचं काय?”

“कुनाच्या तरी नावाचं कुक्कू लावलंय तिनं. पोरंबाळं असत्याल.”

“दोन मुली.”

“मग. पेपरात यील. नवरा जिता असून दुसरा केला म्हनत्याल. त्यो ठेवंल का तिला घरात? न्हाई ठेवली तर जायाची कुटं? केरबाकडं?” तो माझ्या हातातल्या आपल्या अंगठ्याकडे बघत होता. “साहेब, ती मेली न्हाई ही तिची ताकद. म्या मारायचं म्हनूनच मारलं हुतं. पडली, आन् मला वाटलं, झालं. मला बरं वाटलं हुतं. इचारा कवाबी, ह्येच सांगीन. आता पाच वरसं ऱ्हायली, त्यात माफी मिळंल. तुमी गप ऱ्हावा.”

मी त्याचा अंगठा कागदावर टेकवला.

परतीच्या गाडीत हौसा खिडकीशी बसली होती. सासवड मागं पडलं. मग म्हणाली, “वळाकलं त्येनं मला.”

“नाही म्हणाला.”

“त्ये म्या बी ऐकलं. वळाकलं त्येनं.” ती एकदम माझ्याकडे वळली. तिचे डोळे लाल झाले होते, पण ते रडण्यानं नव्हते. “तवा बी माजं काय करायचं ते त्येनंच ठरवलं, आन् आज बी त्येनंच. मला इचारलं का कुनी? म्या इतक्या लांबनं कशाला आले मग? म्हनं मेली. तोंडावर म्हनतो, मेली!”

पुढच्या बाकावरच्या माणसानं मागं वळून बघितलं. तिनं पदर पुढं ओढला.

“तुला पाहिजे तर वकील बघू,” मी म्हणालो. “अजून अर्ज करता येतो.”

तिनं तोंड खिडकीकडं वळवलं. उसाचे फड मागं जात होते. शेवटी म्हणाली, “धाकटी पाच वरसाची हाय. तिला माझ्याबिगर झोप येत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला कोल्हापूरच्या गाडीत बसवून दिलं. तिनं मागं वळून पाहिलं नाही आणि मीही गाडी हलायच्या आत ठाण्याकडे निघालो. त्यानंतर तिचं मला काही कळलं नाही. मी कळवून घेतलं नाही.

इनामदारांनी अहवाल केला. सदर बाई मनोरुग्ण असावी, भावाने व पतीने ओळखले नाही, सबब प्रकरण दप्तरी दाखल. त्याची सुवाच्य प्रत मी काढली. तुळशीरामनं गप्प राहायला सांगितलं म्हणून मी गप्प राहिलो, असं स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. ते खोटं नाही. पण तुरुंगाच्या फाटकातून बाहेर पडताना मला हलकं वाटलं होतं, हेही खोटं नाही. नोकरी वाचली होती. दोन वर्षांनी मी जमादार झालो.

ब्याऐंशी साली, भाद्रपदात, एका सकाळी तो माझ्या क्वार्टरच्या ओट्यावर येऊन बसला. पांढरं धोतर, पांढरा सदरा, दोन्ही नवे. मी दाढी करत होतो. साबण तसाच पुसून बाहेर आलो.

“कधी सुटलास?”

“म्हैना झाला. खानीतच हाय. आता घन उचलत न्हाई, खडी मोजतो.”

बायकोनं चहा दिला. त्यानं बशीत ओतला, पण प्यायला नाही.

“ती बरी हाय?” त्यानं विचारलं.

“असावी. मी काही विचारपूस केली नाही.”

“बरं केलं.” मग म्हणाला, “एक इचारायचं हुतं. पितरपाट चाललाय. जेलात नऊ वरसं म्या दरसाल घास काडून ठेवत हुतो, हौसाच्या नावानं. भिंतीवर ठेवायचा, कावळा घिऊन जायाचा. ती आली त्या सालापास्नं बंद केला. जित्या मानसाच्या नावानं कसा ठेवायचा?”

“खरं आहे.”

“पर तवापास्नं एक डोक्यातनं जात न्हाई बघा. जिला जाळली तिला कोन ठेवत असंल? तिच्या घरच्यास्नी ठावं बी नसंल ती मेली म्हनून. वाट बघत असत्याल. म्हनलं, आपुन ठेवावा. तिच्यापायीच माजी सजा झाली, तेवढं नातं हाय. पर नाव ठावं न्हाई.” त्यानं माझ्याकडे बघितलं. “तुमी म्हनला हुता, हातावर गोंदल्यालं हुतं. काय दिसत हुतं का वो?”

चौदा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. फौजदारांनी नाही, सरकारी वकिलांनी नाही, जज्जांनी नाही. इनामदारांनी अस्पष्ट हा शब्द वाचला आणि त्यांचं समाधान झालं. कालव्याच्या काठावर मी त्या हातावरचा चिखल पाण्यानं धुतला होता. दोन अक्षरं. फौजदारांनी विचारलं, ह आहे ना त्यात? मी म्हणालो, आहे. पण साहेब, हे तर... ते म्हणाले, आहे ना? मग तेवढंच लिही, बाकी अस्पष्ट. हौसाचं नाव आधीच हरवल्याच्या यादीत होतं, आणि या बाईचं कुठल्याच यादीत नव्हतं.

“राही,” मी म्हणालो.

“क्काय?”

“राही. नाव. स्पष्ट वाचता येत होतं.”

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

“कुठली?”

“ठाऊक नाही. कुणी शोधलंच नाही.”

“तुमाला पैल्या दिसापास्नं ठावं हुतं?”

“हो.”

त्यानं बशीतला चहा परत कपात ओतला, कप माझ्याकडे सरकवला आणि उठला. पायऱ्या उतरताना एकदा पुटपुटला, “राही,” पाठ करावं तसं. फाटक नीट लावून घेतलं आणि खाणीच्या रस्त्याला लागला.

बायको कप उचलायला बाहेर आली. “चहा तसाच टाकला? कोण होते?”

“खाणीवरचा माणूस. एक नाव विचारायला आला होता.”

“कुणाचं?”

मी परत साबण लावायला घेतला. तिनं पुन्हा विचारलं नाही. मला न बोलायची सवय होती, आणि तिला माझ्या न बोलण्याची.